टेट्रा माशांचा रंग आणि घरातील पाणी

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेची टाकी ठेवून तीत रंगीत मासे पाळण्याची हौस आता शहरांतूनच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतूनही पुष्कळ घरांत दिसून येते. मुलांच्या वाढदिवसाला, परीक्षेतील यशाबद्दल किंवा नव्या घराच्या वास्तुशांतीच्या निमित्ताने ही टाकी घरात येते, आणि तीत बहुधा पहिला मान मिळतो तो टेट्रा जातीच्या चिमुकल्या माशांना. निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा तो थवा दुकानातील दिव्याखाली असा काही झळकत असतो की, पाहणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. परंतु पंधरा दिवस लोटतात न लोटतात तोच तक्रार सुरू होते. मासे फिके पडले, कोपऱ्यात दडून राहू लागले, आणि सकाळी उठून पाहावे तो एखादा उलटा होऊन तरंगत असतो. मग रंग आणणारे औषध कोणते व रंग चढवणारे खाद्य कोणते, अशी विचारणा होऊ लागते.

ह्या प्रश्नाचे उत्तर आरंभीच सांगून टाकलेले बरे. टेट्राचा रंग हा त्याच्या प्रकृतीचा आरसा होय. मनुष्याच्या चेहऱ्यावरची टवटवी जशी वरून काही लावून येत नाही, तद्वत हा रंगही बाहेरून चढवता येत नाही. पाणी, प्रकाश, सोबत आणि आहार ही चार अंगे नीट सांभाळली म्हणजे तो आपोआप येतो. आणि त्यांतही पाण्याची हेळसांड झाली, तर उरलेल्या तिहींचा काही एक उपयोग होत नाही.

टेट्रा हे नाव एका माशाचे नसून एका मोठ्या परिवाराचे आहे. 'टेट्रागोनोप्टेरस' ह्या शास्त्रीय नावाचा तो संक्षेप होय. पाठीवरचा पर आणि शेपटी ह्यांच्या दरम्यान असणारा एक बारीकसा मांसल पर ही त्यांतील बहुतेकांची खूण. ह्या परिवारातील सर्वांत लोकप्रिय मासा म्हणजे निऑन टेट्रा. पेरू, कोलंबिया आणि ब्राझील ह्या देशांतील वरच्या अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्याचा तो रहिवासी. जॉर्ज मायर्स ह्या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञाने १९३६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, आणि मत्स्यालयविषयक लेखनाबद्दल ख्यातनाम असलेले फिलाडेल्फियाचे विल्यम इन्स ह्यांचे नाव त्यास दिले. कार्डिनल टेट्रा हा त्याचा जवळचा भाऊबंद; त्याचे वर्णन १९५६ साली झाले. निऑनचा तांबडा पट्टा पोटाच्या मध्यापासून शेपटीकडे जातो, तर कार्डिनलचा डोक्याकडून शेपटीपर्यंत सलग असतो. एवढे लक्षात ठेवले म्हणजे दोघांत गल्लत होत नाही.

कार्डिनल ज्या रिओ नेग्रो नदीत राहतो, तिच्या नावाचा अर्थच मुळी 'काळी नदी' असा आहे. अरण्यातील पाने व लाकूड पाण्यात कुजून त्यांचा अर्क उतरत असल्यामुळे तिचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. ते आम्लधर्मी असून त्यात क्षार अत्यल्प असतात. माथ्यावर झाडांची दाट सावली, तळाशी पाचोळ्याचे थर, पाणी उबदार व मृदू, आणि सभोवती आपल्यासारखेच शेकडो सोबती, अशा परिस्थितीत ज्याचा पिंड घडला, त्यास आपण पांढऱ्याशुभ्र खड्यांच्या टाकीत, डोळे दिपवणाऱ्या दिव्याखाली, दोघा-तिघांच्या सोबतीने आणून सोडतो. मग तो भेदरून फिका पडला तर नवल ते काय?

आता त्याच्या दोन रंगांची घडण थोडी पाहू; कारण ती समजली की पुढील सूचनांचे मर्म ध्यानात येईल. निळा पट्टा हा वस्तुतः निळ्या रंगद्रव्याचा नसतोच. त्या ठिकाणच्या पेशींत ग्वानीन नावाच्या द्रव्याच्या अतिशय पातळ पापुद्र्यांच्या चळती असतात. त्यांवर पडलेला प्रकाश परत फिरताना त्यातील निळा-हिरवा भाग तेवढा उठून दिसतो. साबणाच्या फुग्यावरचे रंग किंवा मोरपिसाचा निळा डोळा ही ह्याच तत्त्वाची उदाहरणे. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, त्या नीलपक्ष्याच्या पिसांतील निळाईचा उगम रंगद्रव्यात नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेत आहे, हे चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९३४ साली विवेचिले होते. टेट्राची विशेष गोष्ट ही की, पापुद्र्यांमधील अंतर त्यास कमी-अधिक करता येते. अंधार झाला की पट्टा जांभळट व मंद होतो. उजेडात तो पुन्हा खुलतो. म्हणून पहाटे दिवा लावताच मासे फिके दिसले तर घाबरून जाण्याचे कारण नाही. थोडा वेळ जाऊ द्यावा. परंतु दिवसा उजेडीही पट्टा मंदच राहिला, तर मासा भ्यालेला तरी आहे किंवा आजारी तरी आहे, असे समजावे.

तांबड्या पट्ट्याची गोष्ट निराळी. तो खऱ्या रंगद्रव्याचाच असतो. गाजरात, लाल भोपळ्यात व टोमॅटोत जी कॅरोटिनॉइड जातीची द्रव्ये असतात, त्यांचाच तो प्रकार. ही द्रव्ये माशाच्या शरीरात मुळापासून तयार होत नाहीत, ती आहारातूनच मिळावी लागतात. सारांश, निळा रंग शांतपणाचा आणि तांबडा रंग आहाराचा. आणि दोहोंचा पाया पाण्याचा.

म्हणून प्रथम पाण्याकडे वळू. माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो, आणि तो त्यास विषवत आहे. नदीत तो वाहून जातो; टाकीत साचतो. तथापि निसर्गाने ह्यावर उपाय योजिला आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात व दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइट हेही विषच. नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात सोसते. हे उपकारक जिवाणू फिल्टरच्या स्पंजात, वाळूत व झाडांच्या पानांवर वस्ती करतात. परंतु नव्या टाकीत ते पुरेसे नसतात. टाकी आणली, पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले, की ते आपल्याच विष्ठेच्या विषाने मरतात. पहिल्या महिन्यातील बहुतेक मृत्यूंचे मूळ हेच.

गृहिणींना ही गोष्ट एका दृष्टांताने पटेल. दूध तापवून ठेवले म्हणून दही होत नाही. त्यास विरजण लागते आणि वेळही लागतो. दह्याला एक रात्र पुरते, येथे चार ते सहा आठवडे लागतात. टाकी भरून फिल्टर चालू ठेवावा, आणि रिकाम्या टाकीतच रोज चिमूटभर खाद्य टाकीत जावे. ते कुजून जिवाणूंना अन्न मिळते. परिचिताच्या निरोगी, जुन्या टाकीतील स्पंजाचा तुकडा मिळाला तर तोच विरजणाचे काम करतो व मुदत पुष्कळ कमी होते. पाणी तपासण्याचे संच दुकानात मिळतात. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही शून्यावर आली, की टाकीचे दही लागले असे समजावे. मगच सहा मासे आणावेत, आणि पंधरा दिवस सुरळीत गेल्यावर आणखी सहा.

पुढे दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी काढून तितकेच ताजे पाणी घालावे. पुष्कळ घरांत महिनाभर टाकीकडे कोणी फिरकत नाही, आणि मग दिवाळीच्या साफसफाईप्रमाणे सगळे मासे बादलीत काढून वाळू, काच, स्पंज असे सर्व काही नळाखाली खसखसून धुतले जाते. टाकी लखलखते खरी, पण महिन्यांच्या कष्टाने जमलेली जिवाणूंची वस्ती त्या धुण्यात नाहीशी होते. स्पंज धुवावयाचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात, आणि तोही हलकेच पिळून.

नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून घातलेला क्लोरीन कल्ल्यांना जाळतो. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवले असता तो बहुतांशी उडून जातो. परंतु काही ठिकाणी क्लोरामीन वापरतात, ते तसे उडत नाही. सोडियम थायोसल्फेटचे थेंब दुकानात मिळतात, ते घातलेले अधिक सुरक्षित. येथे आपल्या घरांना विशेषेकरून एक सूचना करावीशी वाटते. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणी आपण आरोग्यदायक मानतो. माशांना मात्र तांबे हे विष आहे, आणि मृदू पाण्यात तर ते अधिकच बाधते. तेव्हा घरातील हंडा-घंगाळ ह्या कामी वापरू नये. प्लॅस्टिकची एक बादली केवळ टाकीसाठी राखून ठेवावी आणि तिला साबणाचा स्पर्श होऊ देऊ नये.

आपल्या गावचे पाणी मृदू की कठीण, हे स्वयंपाकघरातच कळते. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ लवकर शिजत नाही, ते कठीण. विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी पुष्कळदा असे असते. त्यात आर. ओ. यंत्राचे पाणी निम्मे मिसळावे. निव्वळ त्याच यंत्राचे वापरू नये, कारण थोडे क्षार माशांनाही हवेतच. काळ्या नदीची थोडी नक्कल करावयाची असेल, तर त्याला खर्चही नाही. कोकणात आणि मुंबईच्या रस्तोरस्ती जे देशी बदामाचे झाड दिसते, त्याचे आपोआप गळलेले, वाळून तपकिरी झालेले एक पान स्वच्छ धुऊन पन्नासएक लिटरच्या टाकीत सोडावे. झाड औषध फवारलेले मात्र नसावे. दोन-चार दिवसांत पाण्यावर चहाची किंचित छटा येते. पाणी घाण झाले असे समजून कोणी ते ओतून देऊ नये. त्या छटेतच टेट्रा सुखावतो. २४ ते २६ अंश सेल्सिअस उष्णता निऑन व कार्डिनल ह्या दोघांनाही मानवते. पुण्या-नाशिकच्या थंडीत लहानसा हीटर लागतो. उन्हाळ्यात टाकीचे झाकण काढून जाळी लावावी व पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा घ्यावा.

टाकी निदान ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच असावी. तीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. म्हणजे काच व वाळू धरून वजन सहज ७० किलोच्या आसपास जाते. तकलादू तिपाईवर ती ठेवू नये, आणि खिडकीच्या उन्हात तर नकोच. काचेचा वाटोळा गोल शोभिवंत दिसला तरी टेट्राला तो कैदखानाच होय. वाळू गडद रंगाची असावी, मागील बाजूस व्हॅलिसनेरिया किंवा हायड्रिला ह्यांसारखी पाणवनस्पती दाट लावावी, पुढील बाजू पोहण्यास मोकळी ठेवावी, आणि मंद दिवा दिवसाकाठी आठ तासांहून अधिक लावू नये. टेट्रा हा कुटुंबवत्सल मासा आहे. आठ-दहांच्या मेळ्यात तो धीट असतो. एकटा-दुकटा ठेवला तर सदा दडून बसतो व रंग हरपतो. एंजल मासा दिसायला साधा, परंतु मोठा झाला की निऑनला गिळून टाकतो. गोल्डफिशला थंड पाणी लागते व त्याची घाणही फार. ह्या दोहोंची संगत टाळावी.

आता आहाराविषयी. मोठ्या कुटुंबात माशांचे हाल बहुधा प्रेमापोटीच होतात. सकाळी आजोबा चिमूटभर घालतात, शाळेला जाताना नातू घालतो, दुपारी काकू घालतात, आणि संध्याकाळी कचेरीतून आलेल्यास कोणीच घातले नसेल असे वाटते. टेट्राचे पोट त्याच्या डोळ्याएवढे लहान असते. दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे, आणि आठवड्यातून एक दिवस उपवास घडवावा. हे काम घरातील एकाच व्यक्तीकडे असावे. इतरांनी पाहण्याचा आनंद घ्यावा. नदीत किंवा देवळाच्या कुंडात कणकेच्या गोळ्या सोडण्याचा आपल्याकडे पूर्वापार प्रघात आहे, व त्यामागील भूतदया आदरणीय आहे. परंतु काचेच्या टाकीत तीच कणीक कुजून अमोनिया होते, आणि पुण्याच्या ठिकाणी हत्या पदरात पडते.

ह्याच संदर्भात एक नाजूक प्रश्न स्पष्टपणे मांडला पाहिजे. टेट्रा हा स्वभावतः लहान कीटक व पाण्यातील सूक्ष्म जीव खाणारा मासा आहे. तयार खाद्याच्या पापुद्र्यांतही मासळीची पूड असते. तांबड्या रंगासाठी आर्टेमिया व सायक्लॉप्स हे कवचधारी सूक्ष्म जीव उत्तम, आणि जोडीला स्पिरुलिना हे शेवाळ चालते. पण केवळ शाकाहारावर त्याची प्रकृती राहत नाही. शाकाहारी घरात वडीलधाऱ्या मंडळींना ह्याचा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. तो मनात ठेवून टाकी आणण्यापेक्षा आधी सर्वांनी एकत्र बसून विचार करावा. आपला आहारधर्म आपल्यापुरता. तो त्या मुक्या जिवावर लादून त्यास अर्धपोटी ठेवणे हा काही धर्म नव्हे. मन घेत नसेल, तर कुंडीत कमळ लावावे. घराची शोभा तेवढीच वाढते.

घरातील आणखी एक शत्रू हवेतून येतो. डासांची उदबत्ती, विजेवर चालणारी डासनाशक कुपी व झुरळांवर मारावयाचे फवारे ह्यांत बहुधा पायरेथ्रॉइड जातीची विषे असतात, आणि ती माशांना अत्यंत मारक आहेत. टाकीचा पंप खोलीतीलच हवा ओढून पाण्यात सोडतो. म्हणून टाकीच्या खोलीत ही साधने वापरू नयेत. खिडक्यांना जाळी लावावी. धूपाचा दाट धूरही टाकीपासून दूर असलेला बरा.

इतके करूनही आजार येतोच. निऑनचा एक रोग तर त्याच्याच नावाने ओळखला जातो. प्लाइस्टोफोरा नावाचा सूक्ष्म परजीवी स्नायूंत शिरतो. पट्ट्याच्या मध्येच पांढुरके डाग पडतात, मासा कळपापासून वेगळा पडतो आणि पुढे पाठीचा कणा वाकतो. ह्यावर खात्रीचा उपाय नाही. मेलेल्या माशाचे मांस इतरांनी टोचून खाल्ले की रोग पसरतो. म्हणून आजारी मासा तत्काळ वेगळा काढावा व मेलेला क्षणभरही टाकीत ठेवू नये. नवा मासा आणल्यास तीन-चार आठवडे स्वतंत्र टाकीत ठेवून मगच इतरांत सोडावा. ओळखीच्या कोणी सांगितलेले औषध रोग न ओळखता ओतणे हे न ओतण्यापेक्षा वाईट; शंका आल्यास पहिला उपचार पाणी तपासण्याचा व चौथा हिस्सा बदलण्याचा.

खरेदीच्या वेळीही डोळे उघडे ठेवावेत. भडक गुलाबी, निळे वा जांभळे 'रंगीत' टेट्रा कधीकधी विक्रीस दिसतात. त्यांपैकी पुष्कळ मूळचे फिकट मासे असून त्यांना रंगात बुडवून किंवा सुईने रंग टोचून सजवलेले असते. तो रंग काही आठवड्यांत विटतो, आणि मासा त्या छळाने अशक्त झालेला असतो. असा मासा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये; गिऱ्हाईक नसले म्हणजे ही क्रूर कारागिरी आपोआप बंद पडेल. निऑन आज बहुधा संवर्धनगृहांतच जन्मलेले मिळतात. कार्डिनल मात्र अजूनही पुष्कळसे रिओ नेग्रोतून पकडले जातात, आणि ब्राझीलमधील बार्सेलोस गावच्या अनेक कुटुंबांचा चरितार्थ त्या व्यवसायावर चालत आला आहे. इतक्या दूरवरून, इतक्या हातांतून आलेला जीव आपल्या घरी पंधरा दिवसांत मरावा, ही गोष्ट पैशाच्या नुकसानीपेक्षा मोठी आहे. नीट सांभाळला तर हाच दीड इंची मासा चार-पाच वर्षे सोबत करतो.

शेवटी मुलांविषयी दोन शब्द. मासा मेला की तो गुपचूप टाकून देऊन तसाच दुसरा आणून सोडण्याकडे पालकांचा कल असतो. तसे न करता मुलाला सोबत घेऊन पाणी तपासावे, कारण शोधावे आणि सापडले तर त्यास सांगावे. आपल्या निष्काळजीपणाचे फळ एका मुक्या जिवाला भोगावे लागते, हे ज्यास लहानपणी उमगले, तो मोठेपणीही पुष्कळ गोष्टी जपून हाताळील. टाकी नकोशी झाली तरी मासे नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नयेत. परके मासे तेथील मूळच्या जलचरांना अपाय करतात. ते दुसऱ्या हौशी घराला द्यावेत. आणि नवी टाकी आणण्याच्या बेतात असणाऱ्यांनी प्रथम एवढेच ठरवावे की, दर रविवारी पाण्याची बादली उचलण्याचे काम घरातील कोण करणार. ते नाव निश्चित झाल्यावरच दुकानाची पायरी चढावी.